कॉफी कुल्फीत बर्फाचे खडे आणि कॉफी कडू नाही तर पाणचट: दुखणं नेमकं कुठे शोधायचं

एप्रिल लागला आणि सांगलीत पारा चाळिशीला टेकला, की घरोघरी एकच तक्रार सुरू होते. कॉफीची कुल्फी केली तर दात लागत नाही, आणि लागलाच तर तोंडात नुसता बर्फ नि मागून कडवट चव. पुढच्या खेपेला कॉफी वाढवली की कडूपणा वाढतो, साखर वाढवली की कुल्फी धरत नाही, आणि कॉर्नफ्लॉवर घातलं की कॉफी राहते बाजूला. शेवटी खापर फ्रीजवर फुटतं. फ्रीजचा वाटा असतो, पण तो दुसऱ्या नंबरचा. बहुतेक वेळा मूळ कारण मिश्रणातलं जादा पाणी असतं, आणि ते पाणी बऱ्याचदा कॉफीच्या वाटेनेच आत शिरलेलं असतं. म्हणून इथे कुल्फीचं दुखणं शोधत शोधत थेट कॉफीच्या फिल्टरपर्यंत जावं लागणार आहे.

आधी मोडून बघा

काहीही बदलण्याआधी बिघडलेली एक कुल्फी साच्यातून काढा आणि गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने उभी कापा. कापलेल्या अंगाकडे उजेडात नीट बघा.

सगळीकडे सारखाच बारीक, करकरीत बर्फ दिसत असेल तर मिश्रण पातळ होतं. कडेला पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक पट्टी आणि मधोमध गडद तपकिरी, चिकट गाभा दिसत असेल तर मिश्रण पातळ होतंच, शिवाय ते फार हळू गोठलं. गोठताना पाणी आधी स्वच्छ बर्फ होऊन साच्याच्या भिंतीला लागतं आणि साखर, कॉफी, दुधाचा घट्टपणा हे सगळं मधे ढकलत नेतं. अशा कुल्फीचा पहिला घास फिका आणि शेवटचा कडूजहर लागतो. कॉफी जास्त पडली असं वाटून पुढच्या वेळी ती कमी केली जाते. खरं तर कॉफी बरोबर होती, फक्त ती एका जागी गोळा झाली.

आतून लांब सुया किंवा पापुद्रे निघाले तर कुल्फी मधे कधीतरी सुटून पुन्हा गोठलेली आहे. म्हणजे लाइट गेली होती, किंवा फ्रीजरचं दार सारखं उघडत होतं. फक्त वरच्या अंगाला झाकणाखाली भुरभुरीत हिम असेल तर मिश्रण कोमट असतानाच झाकलं गेलं. वाफ झाकणाला लागून तिचा बर्फ झाला. हा दोष सर्वांत किरकोळ. मिश्रण गार करा, त्याच्या अंगाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद लावा, मग झाकण.

एक दोष मात्र बर्फासारखा वाटतो आणि बर्फ नसतो. जिभेवर बारीक रवा आल्यासारखं लागतं. चमचाभर कुल्फी वाटीत काढून पूर्ण वितळू द्या आणि मग बोटाच्या चिमटीत चोळा. कण गेले तर तो बर्फ होता. वितळल्यावरही कण राहिले तर ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज आहे. दूध फार आटवलं किंवा दूध पावडर सढळ हाताने घातली की लॅक्टोजचे स्फटिक बनतात. त्यावर उपाय बर्फावरच्या उपायाच्या बरोबर उलटा, म्हणजे आटवणं कमी करायचं. म्हणून ही चोळून बघण्याची परीक्षा टाळू नका.

पाण्याचा हिशोब

घरात हमखास होणारी कृती घ्या. अर्धा लिटर टोन्ड दूध, त्यात दीडशे मिली कपभर कॉफी, ६० ग्रॅम साखर. ढवळलं आणि साच्यात ओतलं. टोन्ड दुधात घनपदार्थ सुमारे साडेअकरा टक्के, बाकी पाणी. कपभर कॉफी तर जवळजवळ सगळी पाणीच. बेरीज केली तर ७२५ ग्रॅम मिश्रणात ६०० ग्रॅमच्या वर पाणी निघतं, म्हणजे ८३ टक्के. एवढ्या पाण्याचा बर्फच होणार. चांगल्या कुल्फीत पाणी ६२ ते ६५ टक्क्यांच्या आसपास असतं.

हिशोबात बसणारं प्रमाण असं: फुल क्रीम दूध १ लिटर, साखर १०० ग्रॅम, इन्स्टंट कॉफी १२ ग्रॅम, चिमूटभर मीठ. रतिबाचं म्हशीचं दूध असेल तर उत्तम, फक्त साय काढायची नाही. आधी रिकामं पातेलं काट्यावर तोलून त्याचं वजन लिहून ठेवा. स्वयंपाकाचा डिजिटल काटा चार-पाचशे रुपयांत मिळतो, आणि या कामात कुठल्याही महागड्या साच्यापेक्षा तोच जास्त उपयोगी. रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर दूध आटवत राहा. पातेल्याचं वजन वजा जाता दूध ६०० ग्रॅम उरलं की थांबा. याला अर्धा तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. कडेची साय खरवडून आत ढकलत राहायचं. निम्म्याच्या खाली आटवायचं नाही, तिथून पुढे रवाळपणाचा धोका सुरू होतो.

साखर शेवटच्या पाच मिनिटांत घाला, मग काट्यावर साखरेसह ७०० ग्रॅम दिसले पाहिजेत. गॅस बंद केल्यावर इन्स्टंट कॉफी थेट गरम दुधात घाला. ती आधी पाण्यात विरघळवून घेण्याची सवय बऱ्याच जणांना असते. पण वाटीभर पाणीही इथे नको, गरम दुधात ती सहज विरघळते. गुठळ्यांची भीती वाटत असेल तर साखरेतली दोन चमचे साखर कॉफीत कोरडीच मिसळून घ्या. आणि कॉफी घातल्यावर दूध पुन्हा उकळू नका. उकळीबरोबर वास उडतो, कडूपणा मागे राहतो.

एवढ्यात ७१० ग्रॅमच्या आसपास मिश्रण होतं, ८० मिलीचे आठ साचे भरतात. कोमट असताना चाखलं तर ते थोडं जास्त गोड आणि जास्त कडक लागलं पाहिजे, कारण गारठ्यात जिभेला गोडी आणि वास दोन्ही कमी कळतात. गरम असताना बेताचं लागलेलं मिश्रण गोठल्यावर बेचव होतं.

साताऱ्याकडे एक सोपा पर्याय हाताशी असतो. १०० ग्रॅम कंदी पेढे कुस्करून गरम दुधात घोटून टाका. खवा म्हणजे दूध आधीच आटवलेलं, त्यामुळे पाणी न वाढवता घट्टपणा येतो आणि भाजलेला वास कॉफीशी छान जमतो. मग दूध ६०० ऐवजी ७०० ग्रॅमवरच थांबवायचं आणि पेढ्यात साखर असतेच, म्हणून साखर ८५ ग्रॅम घ्यायची. मिश्रण एकदा चाळणीतून काढा, नाहीतर पेढ्याचे कण तळाला बसतात.

फिल्टर कॉफीची कुल्फी करायची असेल तर

इन्स्टंटपेक्षा चव नक्कीच चांगली येते, पण इथेच पाणी पुन्हा घुसतं. उपाय म्हणजे पहिलंच, घट्ट डिकॉक्शन (पावडरीतून थेंब थेंब उतरलेला कॉफीचा अर्क) वापरायचं आणि तेवढं पाणी दुधातून आधीच काढून टाकायचं. फिल्टरच्या वरच्या, बुडाला भोकं असलेल्या भांड्यात ४० ग्रॅम पावडरीवर १४० मिली पाणी ओतलं की खालच्या भांड्यात ६५ मिलीच्या आसपास डिकॉक्शन मिळतं, बाकीचं पाणी पावडर धरून ठेवते. हे घालणार असाल तर दूध ६०० ऐवजी ५५० ग्रॅमपर्यंत आटवा. त्याच पावडरीवर पुन्हा पाणी ओतून निघणारं दुसरं डिकॉक्शन सकाळच्या कॉफीला वापरा, कुल्फीत नको.

डिकॉक्शन घालताना दूध गॅसवरून उतरवलेलं असावं. कॉफी आंबटसर असते. उकळत्या, त्यातही आदल्या दिवशीच्या दुधात ती पडली तर दूध फुटू शकतं.

आता फिल्टरच्या तक्रारी. सर्वांत जास्त ऐकू येणारी म्हणजे डिकॉक्शन उतरतच नाही. रात्री ओतलेलं पाणी सकाळी वरच्या भांड्यात तसंच. याची चार कारणं, आणि ती याच क्रमाने तपासावीत.

पहिलं कारण हवा. वरचं भांडं खालच्या भांड्यात घट्ट बसलं की खालची हवा बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि थेंब अडतो. वरचं भांडं किंचित उचलून तिरकं करा. टपटप सुरू झाली तर दुसरं काही शोधायला नको.

दुसरं कारण चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड. चिकोरी पाणी पिऊन फुगते आणि भोकं बुजवते. भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही, आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. त्यामुळे ५३ टक्के कॉफी, ४७ टक्के चिकोरी असं पाकीट बाजारात सर्रास मिळतं. ते स्वस्त पडतं, रंग गडद येतो, म्हणून ते कडक वाटतं. पण चिकोरीत कॅफीन नसतं. फिल्टर तुंबत असेल आणि कॉफीचा वास कमी येत असेल तर ८०:२० वर या. शुद्ध कॉफीचा हट्ट मात्र दूध घालून पिणाऱ्याने धरू नये. १५-२० टक्के चिकोरी दुधात कॉफीला अंग देते.

तिसरं म्हणजे पावडर दाबण्याचं. फिल्टरमधल्या दांडीच्या चकतीने पावडर सपाट करायची, हाताचा भार टाकायचा नाही. आधी दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपडून अर्धा मिनिट फुगू द्या आणि मगच बाकीचं पाणी कडेकडेने ओता. पाणी एका जागी ओतलं तर पावडरीत खड्डा पडतो, सगळं पाणी तिथूनच खाली जातं आणि दहा मिनिटांत पाणचट डिकॉक्शन तयार. खड्डा दिसतोच. पाणी उतरल्यावर वरचं भांडं उघडून बघा. चोथा सपाट असला पाहिजे.

चौथं कारण बुजलेली भोकं. वरचं भांडं उजेडाकडे धरून बघा. बंद भोकं मोजता येतील इतकी स्पष्ट दिसतात. स्टीलचं भांडं असेल तर रिकामं, कोरडं, चिमट्यात धरून मिनिटभर गॅसच्या ज्योतीवर फिरवा. आतला चिकटा जळून राख होतो, गार झाल्यावर आपटून घासून टाका. पितळेच्या फिल्टरला आतून कल्हई असते, तो ज्योतीवर धरू नका, कल्हई वितळते. तो लिंबाच्या सत्वाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून लगेच धुवा.

नीट जमलेलं डिकॉक्शन उतरायला १५ ते २० मिनिटं लागतात. पाच मिनिटांत उतरलं तर पावडर जाड आहे किंवा कमी पडली, आणि कॉफी आंबट-पातळ लागेल. तासभर लागला तर पावडर फार बारीक आहे, आणि जीभ कोरडी करणारा कडूपणा येईल. घरी मिक्सरवर दळणाऱ्यांना हे दोन्ही दोष एकदम मिळतात, कारण मिक्सर काही दाणे पीठ करतो आणि काही अर्धेच सोडतो. तीन-तीन सेकंद फिरवून, मधे भांडं हलवून दळा आणि मैद्याच्या चाळणीने पीठ वेगळं काढा. वरच्या जाड चुऱ्याची फिल्टर कॉफी करा. खालचं पीठ फेकू नका, पण फिल्टरमध्येही घालू नका. गरम दुधात दोन मिनिटं भिजवून मलमलीच्या फडक्यातून गाळलं की कुल्फीच्या कामी येतं.

पाणी कुठलं आणि किती गरम

सांगली जिल्ह्यात नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी किती जड असतं हे किटलीच्या तळाला बघितलं की कळतं. जड पाण्यातले क्षार कॉफीचा आंबटपणा मारतात, कॉफी सपाट आणि खडूसारखी लागते. पावडर वाढवून हे सुटत नाही, नुसता कडूपणा वाढतो. उलट आरओचं, क्षार अगदी उतरवलेलं पाणी वापरलं तर कॉफी टोकदार आणि विरळ लागते. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) ७५ ते २५० च्या मधला आकडा चालतो, १५० च्या आसपास सर्वांत बरा. बोअरचा ८०० असेल आणि आरओचा ३०, तर सहा-सात वाट्या आरओ आणि एक वाटी बोअर मिसळून बघा. नळाला धरणाचं किंवा नदीचं पाणी येत असेल तर साधारणपणे तेच गाळून, उकळून वापरलं की पुरतं. साताऱ्यात कासचं पाणी येणाऱ्यांनी त्यावर पुन्हा आरओ लावून कॉफी करण्याआधी एकदा मीटर बुडवून बघावा.

उकळत्या पाण्याने कॉफी जळते हे सगळेच सांगतात. कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं. पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने उतरतो. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे इथे पाणी ९८ अंशांना उकळतं, साताऱ्यात त्याहून थोडं खाली. गॅस बंद करून पाऊण-एक मिनिट थांबलं की काम झालं. महाबळेश्वरला, १३५० मीटरवर, ते ९५-९६ लाच उकळतं. तिथे थांबायची गरजच नाही, उकळी आली की ओता. तिथल्या खोलीवर कॉफी फिकी होते अशी तक्रार असेल तर बऱ्याचदा कारण हेच, की सवयीने पाणी निवू दिलं जातं आणि गारठ्यात ते ८५ च्या खाली जातं.

शिळ्या पावडरीवर कुठलाच उपाय नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूरहून येणाऱ्या कुणाकडून तरी किलोभर दळलेली पावडर मागवायची आणि ती चार महिने पुरवायची, ही मिरज-सांगलीची जुनी रीत आहे. दळलेल्या कॉफीचा वास पाकीट फोडल्यापासून दोन आठवड्यांत बराच उतरतो. किलो मागवायचीच असेल तर शंभर-शंभर ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये टाका, एका वेळी एकच काढा आणि ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. गार पुडी उघडली तर हवेतला ओलावा पावडरीवर बसतो. पावसाळ्यात इन्स्टंट कॉफीचा दगड होतो तोही ओल्या चमच्याने आणि उघड्या बरणीने. फ्रीजच्या दारात ती बरणी ठेवून काही साधत नाही.

ब्रँड कुठला घ्यावा यापेक्षा मागची बाजू वाचावी. काही इन्स्टंट कॉफी शंभर टक्के कॉफीच्या असतात, काहींत तीस टक्के किंवा जास्त चिकोरी असते. वर दिलेलं १२ ग्रॅमचं प्रमाण शुद्ध इन्स्टंटसाठी आहे. चिकोरीवाली असेल तर १६ ग्रॅम.

दगड झाली, किंवा धरतच नाही

हा सगळा साखरेचा खेळ. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. म्हणून एकूण मिश्रणाच्या १० टक्क्यांखाली साखर गेली की दगड होतो, आणि २० च्या वर गेली की घरच्या फ्रीजरला ते नीट धरता येत नाही. १३ ते १६ टक्के ठेवा. मधुमेहामुळे साखर कमी करून तिच्या जागी स्टीव्हियासारखं काही घालणाऱ्यांची कुल्फी दगड होते ती याचमुळे. गोडी येते, पण पाणी मऊ ठेवणारं काही आत जात नाही. अशा वेळी ती खायच्या आधी १०-१५ मिनिटं बाहेर काढून ठेवणं एवढंच हातात आहे.

गोडी न वाढवता कुल्फी मऊ हवी असेल तर १०० पैकी २५ ग्रॅम साखर काढून ३५ ग्रॅम साधी ग्लुकोज पावडर घाला. संत्र्याच्या वासाची नको. ग्लुकोज साखरेपेक्षा कमी गोड असतं, आणि त्याचा रेणू लहान असल्यामुळे वजनाला वजन धरलं तर गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट खाली आणतं. केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज ही वेगळी वस्तू आहे. त्याने पोत गुळगुळीत होतो, पण मऊपणा एवढा येत नाही.

गुळाचा मोह आपल्याकडे होतोच. साखरेच्या जागी ११० ग्रॅम गूळ चालतो, त्यातल्या मूळच्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे कुल्फी थोडी मऊही होते. पण गरम दुधात गूळ पडला की दूध फुटणार. मिश्रण बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट झाल्यावर किसलेला गूळ घाला, विरघळवा, आणि गाळा, खडे असतात. गडद गूळ कॉफीला झाकून टाकतो, पिवळा घ्या.

फ्रीजर आणि लाइट

मिश्रण साच्यात भरण्याआधी पूर्ण गार हवं. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवून ढवळा, मग रात्रभर फ्रीजच्या खालच्या भागात. कोमट मिश्रण फ्रीजरमध्ये गेलं की फ्रीजरचंच तापमान चढतं आणि स्फटिक मोठे होतात. साचे शक्यतो ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकचे नकोत. धातूतून उष्णता लवकर बाहेर पडते.

एका दाराच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्याला बोटभर बर्फ साचला असेल तर आधी तो काढा. बर्फाचा थर गारवा अडवतो. उन्हाळ्यात असा फ्रीजर उणे १० च्या पुढे जातोच असं नाही. परीक्षा सोपी आहे: दुकानातलं आईस्क्रीम रात्रभर ठेवून सकाळी चमचा सहज आत गेला तर फ्रीजर कमी पडतोय. मग जुनी पद्धत वापरा. १ किलो फोडलेल्या बर्फाला ३०० ग्रॅम जाडं मीठ, बादलीत थर लावून त्यात साचे गाडायचे. हे मिश्रण घरच्या पुष्कळ फ्रीजरपेक्षा जास्त गार जातं आणि ८० मिलीचे साचे दीड-दोन तासांत धरतात. झाकणाच्या फटीला कणीक लावायला विसरू नका. खारट कुल्फीचं दुसरं कारण नसतं. दर वीस मिनिटांनी साचे हलवले तर स्फटिक आणखी बारीक पडतात.

लाइट गेली तर दार उघडू नका, बघण्यासाठीसुद्धा. फ्रीजर रिकामा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून जागा भरून ठेवा, गारवा जास्त टिकतो. कडा सैल पडल्या असतील पण गाभा घट्ट असेल तर पुन्हा गोठवता येईल, मात्र सुया येणारच. त्यापेक्षा मिक्सरमधून काढून कोल्ड कॉफी करा. पूर्ण पातळ होऊन कोमट झालं आणि तसंच दोन तासांवर राहिलं तर टाकून द्या. दूध आहे ते.

क्रीमची कॉफी आईस्क्रीम

न ढवळता होणारी ही पद्धत सोपी म्हणतात, आणि आहेही: २५० मिली व्हिपिंग क्रीम घट्ट फेटायचं, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क थोडं कोमट करून त्यात १० ग्रॅम इन्स्टंट कॉफी नि चिमूटभर मीठ विरघळवायचं, गार झाल्यावर हलक्या हाताने एकत्र करायचं. बिघडतं ते क्रीममुळे. किराणा दुकानात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो, आणि ते घट्ट फेटलं जात नाही. ३० ते ३५ टक्क्यांचं लागतं. वनस्पती तेलाचं टॉपिंग फेटलं जातं, पण टाळूला मेणचट थर बसतो आणि त्यात बहुधा साखर असते, त्यामुळे कंडेन्स्ड मिल्क निम्मं करावं लागतं.

मे महिन्यात ३६-३७ अंशांच्या स्वयंपाकघरात चांगलं क्रीमही फेटलं जात नाही. भांडं आणि पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये, आणि फेटताना खाली बर्फ. मऊ शिखरं उभी राहिली की थांबा. पुढे वीस-तीस सेकंदांत क्रीमचा पृष्ठभाग आधी दाणेदार दिसतो, मग पिवळसर छटा येते आणि कडेला पाणी सुटतं. ते लोणी झालं. दाणेदार दिसू लागल्याबरोबर दोन चमचे गार क्रीम घालून हाताने ढवळलं तर वाचू शकतं, पाणी सुटल्यावर नाही.

पेप्सी, गोळा आणि बर्फाचे चौकोन

इथे पाणीच हवं असतं, त्यामुळे वरचे नियम सैल होतात. नळीतली पेप्सी चोखताना सगळी कॉफी आधीच तोंडात येते आणि मागे पांढरा बर्फ उरतो, तो कडेची पट्टी आणि गाभा हाच प्रकार. अर्धा लिटर कॉफीला सपाट चमचाभर कॉर्नफ्लॉवर थोड्या गार पाण्यात कालवून घाला आणि एक मिनिट खदखदू द्या, कच्चं राहिलं तर पिठाची चव येते. अर्धवट गोठल्यावर नळ्या हाताने चुरा. गोळ्यासारखा भुगा हवा असेल तर ४० ग्रॅम पावडर ६०० मिली पाण्यात चार मिनिटं भिजवून गाळा, ८० ग्रॅम साखर घाला, पसरट ताटात दोन सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको, आणि दर अर्ध्या तासाला काट्याने खरवडा. तीन तासांत होतो.

कोल्ड कॉफी पातळ होत असेल तर पाण्याच्या बर्फाऐवजी दूध-कॉफीचे चौकोन गोठवून वापरा.

जायफळ या सगळ्यात चालतं, पण कॉफीच्या आधी नाही, कॉफीबरोबर, गॅस बंद केल्यावर. लिटरभर दुधाच्या कुल्फीला किसणीवर चार-पाच वेळा घासलं तेवढं पुरे. ताजं किसा, डबीतली पूड जुनी असते आणि तिची नुसती तुरट चव उतरते.